पडद्यावर शिकलेलं, ओपीडीत केलेलं

खोकला आणि ताप घेऊन आलेल्या लहान मुलाला न्यूमोनिया झालाय की साधी सर्दी आहे, हे ठरवायला खेड्यातल्या दवाखान्यात एक्स-रे नसतो, रक्ताची तपासणी नसते. हाताशी असते ती श्वास मोजण्याची चाचणी. मूल शांत असताना, अंगावर पीत नसताना, सदरा वर करून छाती-पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांहून लहान बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त भरले तर ते जलद. दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त. याला ना वीज लागते, ना यंत्र. एमबीबीएसच्या पुस्तकात हे आकडे असतात, परीक्षेत विचारले जातात. तरीही घाईच्या ओपीडीत सगळ्यांत आधी गळते ती हीच तपासणी.

२०१९ या एका वर्षात जगात पाच वर्षांखालची सात लाखांहून अधिक मुलं न्यूमोनियाने दगावली. अतिसाराने दरवर्षी चार लाखांहून अधिक मुलं जातात. दोन्ही आजारांवरचे उपचार जुने आणि स्वस्त आहेत: अमोक्सिसिलिन, ओआरएस म्हणजे आपली जलसंजीवनी, आणि झिंक. औषध सापडलेलं आहे, ते कुणाला, किती, कधी द्यायचं याची मार्गदर्शिका छापलेली आहे. अडतं ते पुढे. समोरच्या प्रत्येक मुलाच्या वेळी डॉक्टरांनी ती मार्गदर्शिका पाळावी, यासाठी काय करायचं? गेल्या पंधरा-वीस वर्षांत या प्रश्नाचं उत्तर म्हणून ऑनलाइन प्रशिक्षण पुढे येत आहे. माझ्या मते ते उत्तर अर्धं बरोबर आहे, आणि कोणतं अर्धं बरोबर हे नीट कळलं नाही तर प्रमाणपत्रं वाढतील आणि मुलं तशीच दगावत राहतील.

श्वास मोजण्यामागचं शास्त्र १९८० च्या दशकातलं. पापुआ न्यू गिनीमधल्या गोरोका इथे काम करणारे ऑस्ट्रेलियन बालरोगतज्ज्ञ फ्रँक शान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की कोणत्या मुलाला अँटिबायोटिक लागेल आणि कोणाला दाखल करावं लागेल, हे श्वासाचा वेग आणि छाती आत ओढली जाणं या दोन खुणांवरून बऱ्यापैकी ठरवता येतं. स्टेथोस्कोपने ऐकायला वर्षानुवर्षांचा सराव लागतो. या दोन खुणा डोळ्यांनी दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेने हे निकष उचलले आणि ते जगभर गेले.

महाराष्ट्राला याची ओळख करून दिली ती गडचिरोलीने. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथल्या खेड्यांत आरोग्यसेवक आणि दायांना बालन्यूमोनिया ओळखायला व औषध द्यायला शिकवलं. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, जिथे हे काम झालं त्या गावांतले न्यूमोनियाचे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते. अडचण अशी होती की अनेक दायांना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं. म्हणून बंग दांपत्याने श्वासमापक तयार केला. त्यात एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. दाईला दहापर्यंत मोजता आलं की पुरे. या विषयातलं प्रशिक्षणाचं इतकं चोख साधन मला दुसरं माहीत नाही. कारण त्यात नियम डोक्यात साठवावा लागत नाही, तो हातातून आपोआप पार पडतो. ऑनलाइन प्रशिक्षणाची कोणतीही योजना मी याच मण्यांशी ताडून बघते.

१९९० च्या दशकात पाच वर्षांखालच्या दर दहा बालमृत्यूंपैकी सुमारे सात न्यूमोनिया, अतिसार, गोवर, मलेरिया आणि कुपोषण या पाच कारणांनी किंवा त्यांच्या संगनमताने होत होते. तोपर्यंत प्रत्येक आजाराचा कार्यक्रम वेगळा, प्रशिक्षण वेगळं, तक्ता वेगळा. मूल मात्र एकाच वेळी खोकत असतं, जुलाब करत असतं आणि कुपोषितही असतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९९० च्या दशकाच्या मध्याला ‘आयएमसीआय’ ही एकात्मिक पद्धत आणली. आजाराचं नाव शोधत बसण्याऐवजी तिच्यात ठरलेल्या क्रमाने विचारायचं आणि बघायचं. आधी धोक्याची लक्षणं: मूल पीत नाही का, सगळं उलटून टाकतं का, झटके आलेत का, सुस्त किंवा बेशुद्ध आहे का. मग खोकला, जुलाब, ताप, कान. मग दंडघेर, वजन, रक्ताची कमी, लसी. तक्त्यावर तीन रंग असतात. गुलाबी म्हणजे ताबडतोब मोठ्या रुग्णालयात, पिवळा म्हणजे इथेच औषध, हिरवा म्हणजे घरची काळजी. तक्ता जाणूनबुजून सोपा ठेवलेला आहे, पण कोणतीही पायरी वगळायची नाही ही त्याची अट आहे.

भारताने २००३ च्या सुमारास ही पद्धत आपलीशी करताना तिच्यात नवजात बाळ घातलं आणि ‘आयएमएनसीआय’ असं नाव दिलं. मूळ पद्धतीत पहिल्या आठवड्यातलं बाळ नव्हतं. आपल्याकडे तर बालमृत्यूंचा मोठा वाटा त्याच काळातला आहे, त्यामुळे हा बदल अगदी योग्य होता. हरियाणातल्या फरीदाबाद जिल्ह्यात, अठरा प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत झालेल्या अभ्यासात जिथे ही पद्धत आणि तिच्यासोबत घरभेटी राबवल्या तिथे अर्भकमृत्यू सुमारे १५ टक्क्यांनी कमी आढळले. टांझानियातल्या अभ्यासात पाच वर्षांखालचे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी होते. बांगलादेशात मात्र उपचारांचा दर्जा आणि आयांचं दवाखान्यात येणं सुधारलं, पण मृत्यूंमधला फरक ठामपणे सिद्ध झाला नाही. म्हणजे पद्धत कामाची आहे. ती किती काम करेल हे राबवण्यावर ठरतं.

मूळ प्रशिक्षण होतं अकरा दिवसांचं. त्यातला चांगला मोठा वेळ रुग्णालयात, खऱ्या आजारी मुलांसमोर. चार-पाच प्रशिक्षणार्थींमागे एक शिकवणारा. एखाद्या आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर एकच असेल तर अकरा दिवस तिथली ओपीडी कोण बघणार? राहण्याचा, प्रवासाचा, भत्त्यांचा खर्च वेगळाच. अनेक देशांनी प्रशिक्षण आखडून पाच-सहा दिवसांवर आणलं. भारताने आठ दिवसांचं केलं. आखडल्याने किती बिघडतं हे तपासणाऱ्या आढाव्यांत पूर्ण प्रशिक्षण थोडं सरस ठरलं, पण फरक मोठा नव्हता. तेव्हा साहजिकच पुढचा प्रश्न आला: मग हे संगणकावरच का नको?

२००० च्या दशकाच्या उत्तरार्धात जागतिक आरोग्य संघटना आणि नोव्हार्टिस फाउंडेशन यांनी मिळून ‘आयकॅट’ नावाचं सॉफ्टवेअर तयार केलं. प्रत्येक देशाने त्यात आपल्या मार्गदर्शिकेप्रमाणे मजकूर, भाषा, औषधांचे डोस बदलून घ्यायचे. इंटरनेट धड नसलेल्या गावांसाठी सीडीवरही ते चालायचं. २०१४ साली संघटनेने दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम काढला. त्यात घरी वाचायचे पाठ होते, अधूनमधून गटाच्या बैठका होत्या आणि रोज पाहिलेल्या मुलांची नोंद करायची एक वही होती. त्या वहीचा मुद्दा महत्त्वाचा आहे, पुढे येईलच.

पडदा काय चांगलं शिकवतो ते आधी बघू, कारण त्याचं श्रेय त्याला मिळायला हवं. छाती आत ओढली जाणं ही खूण घ्या. निरोगी मूल श्वास आत घेतं तेव्हा छाती आणि पोट दोन्ही बाहेर येतात. फुप्फुसं कडक झाली की जोर लावावा लागतो, आणि श्वास आत घेताना बरगड्यांच्या खालचा भाग उलट आत जातो. पुस्तकातल्या फोटोत हे दिसत नाही, कारण खूण हालचालीत आहे. रुग्णालयातल्या प्रशिक्षणात ती दिसेल का, हे त्या सकाळी वॉर्डात कोणतं मूल आहे यावर अवलंबून. अकरा दिवसांत एकही तसं मूल न बघता परतलेले डॉक्टर असू शकतात. चांगल्या व्हिडिओत मात्र ती खूण वीस वेळा बघता येते. शेजारी निरोगी मूल ठेवून बघता येते. रडणाऱ्या मुलाची छातीही ओढल्यासारखी दिसते, म्हणून रडणं थांबल्यावर पुन्हा बघायचं, हेही दिसतं. नाक चोंदलेल्या तान्ह्या बाळाचं नाक आधी मोकळं करायचं, मग बघायचं, हे कळतं. पडद्यावर मूल दिसतं, तुम्ही मोजता, आकडा भरता, आणि लगेच कळतं की तुम्ही ४४ मोजले, खरे ५२ होते. वॉर्डात तुमची मोजणी चुकली हे तुम्हाला कोण सांगणार?

पोटाच्या कातडीची चिमट घेऊन सोडल्यावर ती किती वेळाने परत सपाट होते, हेसुद्धा तसंच. दोन सेकंदांहून जास्त लागले तर पाण्याची तूट गंभीर. ‘हळू’ आणि ‘अगदी हळू’ यातला फरक वाचून कळत नाही, बघून कळतो.

दुसरी गोष्ट म्हणजे मार्गदर्शिका बदलतात. ओआरएसचं मिश्रण २००२ साली बदललं, त्यातलं मीठ आणि साखर कमी झाली, कारण त्याने जुलाब आणि उलट्या कमी होतात असं दिसलं. २००४ साली जुलाबात झिंक देण्याची संयुक्त शिफारस आली. न्यूमोनियात तर मोठाच बदल झाला. छाती आत ओढली जाते म्हणजे गंभीर न्यूमोनिया, म्हणजे दाखल करून इंजेक्शन, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. मग पाकिस्तानात झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं की धोक्याचं दुसरं लक्षण नसेल तर अशा मुलांना तोंडाने दिलेलं अमोक्सिसिलिन तितकंच चालतं. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वर्गवारी बदलली. आता विचार करा, १९९८ साली पदवी घेऊन बाहेर पडलेल्या डॉक्टरांना हे सगळं कुठून कळणार? औषध कंपनीच्या प्रतिनिधीकडून? दर वेळी अकरा दिवसांचा वर्ग भरवणं अशक्य आहे. इथे फोनवरच्या अर्ध्या तासाच्या पाठाला पर्याय नाही.

तिसरं कारण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं, पण त्यावर सगळ्यांत कमी बोललं जातं. आपल्याकडे आजारी मूल पुष्कळदा आधी खासगी दवाखान्यात जातं. तिथला डॉक्टर एमबीबीएस असेल, बीएएमएस असेल, बीएचएमएस असेल. सरकारी प्रशिक्षण मुख्यतः सरकारी कर्मचाऱ्यांसाठी असतं. गल्लीतला दवाखाना बंद ठेवून आठ दिवस जिल्ह्याच्या ठिकाणी येणं त्या डॉक्टरला परवडत नाही. त्याच्यापर्यंत पोचणारी वाट फोनचीच.

इतकं असताना ऑनलाइन शिक्षण वर्गातल्या शिक्षणाच्या तोडीचं आहे का? २०१८ मध्ये कॉक्रेन संस्थेने सोळा चाचण्या एकत्र करून आढावा घेतला. आरोग्य कर्मचाऱ्यांचं ज्ञान आणि वागणूक यांत ऑनलाइन आणि नेहमीच्या पद्धतीत फारसा फरक आढळला नाही. ऑनलाइनचे पुरस्कर्ते याचा अर्थ ‘आम्ही तितकेच चांगले’ असा लावतात, आणि ते खोटं नाही. पण त्याच वर्षी ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या शेकडो अभ्यासांचा एक मोठा आढावा आला, त्याने मला जास्त विचार करायला लावलं. नुसतं प्रशिक्षण दिलं, किंवा नुसती देखरेख ठेवली, तर डॉक्टर-नर्स यांच्या कामात साधारण १० ते १६ टक्के-बिंदूंची सुधारणा होते. दोन्ही एकत्र केलं तर १८ च्या आसपास. नुसता छापील तक्ता वाटला, किंवा नुसतं तंत्रज्ञान हातात दिलं, तर सुधारणा जेमतेम एका टक्के-बिंदूची. म्हणजे ज्या केंद्रात शंभरांपैकी चाळीस मुलांवर नीट उपचार होत होते, तिथे नुसतं ॲप वाटून ते एक्केचाळीस होतील. चांगल्या प्रशिक्षणानंतर पन्नास-पंचावन्न होतील. उरलेल्या पंचेचाळीस मुलांचं काय?

त्याचं उत्तर शोधायला ओपीडीत जावं लागतं.

आरोग्य केंद्रातली सोमवारची सकाळ. बाहेर रांग, आत टेबलाच्या एका बाजूला मेडिकल ऑफिसर. आई अकरा महिन्यांचं मूल घेऊन स्टुलावर बसते, मागे आजी उभी. मूल खोकतंय, नाक गळतंय, अंग गरम. डॉक्टर म्हणतात, “ताई, त्याला मांडीवर असाच राहू द्या. आत्ता पाजू नका, मला पोट बघायचंय.” सदरा वर केला की मूल रडायला लागतं. रडत्या मुलाचे श्वास मोजून उपयोग नाही, थांबायला हवं. तेवढ्यात आजी म्हणते, “डॉक्टर, एक इंजेक्शन देऊन टाका की. डबा झालाय त्याला, रात्रभर पोट उडत होतं.” सिस्टर दारातून पुढचा केसपेपर पुढे करतात. डॉक्टर म्हणतात, “आजी, एक मिनिट मोजू द्या मला.” मूल शांत होतं. घड्याळाच्या काट्याकडे एक डोळा, पोटाकडे एक. मोजणी भरते ४६. अकरा महिन्यांच्या मुलाला मर्यादा ५० ची. छाती आत ओढली जात नाही, पितंय, उलट्या नाहीत. तक्ता हिरवा. अँटिबायोटिक नको, इंजेक्शन नको; नाक साफ ठेवा, पाजत राहा, दोन दिवसांनी दाखवा, धाप वाढली तर लगेच या.

आता हे आजींना सांगायचं आहे. तासभर चालून आलेल्या, दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या कुटुंबाला रिकाम्या हाताने पाठवायचं आहे. मार्गदर्शिका तुटते ती इथे. मध्य प्रदेशाच्या ग्रामीण भागात केलेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉक्टर एका रुग्णाला सरासरी चार मिनिटांहूनही कमी वेळ देत होते. त्यातलं एक पूर्ण मिनिट मोजण्यात घालवायचं आणि वर समजावून सांगायचं, यापेक्षा सिरप लिहून देणं सोपं असतं. आणि ते लिहिणारा डॉक्टर अडाणी नसतो. श्वासाची मर्यादा किती, हे त्याला विचारलं तर तो बरोबर सांगेल.

बिहारमध्ये नेमकं हेच मोजलं गेलं. तिथल्या ग्रामीण डॉक्टरांना आधी कल्पित रुग्ण सांगून ‘तुम्ही काय द्याल?’ असं विचारलं. नंतर त्यांच्याकडे न सांगता अशा व्यक्ती पाठवल्या, ज्या घरी मुलाला जुलाब होत असल्याचं सांगायच्या. प्रश्नाच्या उत्तरात ‘ओआरएस देऊ’ म्हणणारे कितीतरी होते. प्रत्यक्ष देणारे त्यांच्या तुलनेत अगदी थोडे. निरर्थक आणि अपायकारक औषधं मात्र प्रत्यक्षात जास्त लिहिली गेली. माहीत असणं आणि करणं यातली ही दरी ऑनलाइन परीक्षेत कधीच दिसणार नाही. पडद्यावरचा रुग्ण रडत नाही, त्याच्यामागे आजी उभी नसते, बाहेर रांग नसते. तिथे सगळे डॉक्टर शंभरपैकी नव्वद गुण घेतात.

ही दरी का पडते, यावरचं सर्वांत धारदार काम २०२४ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आलं. कर्नाटक आणि बिहारमधल्या दोन हजारांहून अधिक खासगी डॉक्टरांकडे मुलाच्या जुलाबाची तक्रार घेऊन अशाच प्रशिक्षित व्यक्ती पाठवल्या. काहींनी फक्त तक्रार सांगितली. काहींनी ओआरएसच्या पुडीचा फोटो दाखवून ‘हे द्याल का?’ असं सुचवलं. पहिल्या गटात सुमारे २८ टक्के वेळा ओआरएस मिळालं, दुसऱ्यात ५५ टक्के. ओआरएस न देण्यामागे औषधाचा तुटवडा किती, पैशाचा लोभ किती आणि गैरसमज किती, हे संशोधकांनी वेगळं करून बघितलं. तुटवड्याचा वाटा सुमारे ६ टक्के निघाला, कमाईचा ५. सर्वांत मोठा, ४२ टक्के वाटा होता तो डॉक्टरांच्या एका समजुतीचा: आई-बापांना ओआरएस नको असतं, त्यांना ‘खरं औषध’ हवं असतं. प्रत्यक्षात पालकांना ओआरएस चालत होतं. दोन्ही बाजू एकमेकांच्या मनातलं चुकीचं ओळखत बसल्या होत्या.

हे वाचल्यापासून बालआजारांवरच्या ऑनलाइन पाठांकडे मी वेगळ्या नजरेने बघते. ओआरएसमध्ये सोडियम किती, हा प्रश्न त्यात हवाच. पण ‘सलाईन लावा’ म्हणणाऱ्या बापाला काय सांगायचं, याचा सराव त्याहून जास्त हवा. आणि तुमच्या ओपीडीतल्या पालकांना काय हवंय हे तुम्ही कधी विचारून पाहिलंत का, हा प्रश्न पहिल्याच पाठात हवा.

मग चांगलं ऑनलाइन प्रशिक्षण कसं असावं? इथे त्या नोंदवहीचा मुद्दा येतो. दूरशिक्षणातला डॉक्टर पाठ संपल्यावर आपल्याच ओपीडीत मुलं तपासतो, प्रत्येकाची मोजणी, वर्गवारी, उपचार वहीत लिहितो आणि मार्गदर्शक ती वही बघतो. पाठ पडद्यावर, सराव बाळाच्या अंगावर, आणि वर कुणाची तरी नजर. वरच्या आढाव्यातले १८ टक्के-बिंदू येतात ते याच मेळातून. न्यू मेक्सिकोतले डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘प्रोजेक्ट एको’ची रीतही जवळची आहे. ठरलेल्या दिवशी गावोगावचे डॉक्टर व्हिडिओवर जमतात, आपल्यापुढचे खरे रुग्ण मांडतात, तज्ज्ञ आणि इतर डॉक्टर चर्चा करतात. व्याख्यान थोडं, रुग्ण जास्त. त्यांनी सुरुवात हेपॅटायटिस सी या आजारापासून केली होती, पण ही रीत बालआजारांनाही तितकीच लागू पडते आणि ती भारतातही रुजली आहे.

बुर्किना फासोमध्ये तेर दे झोम या संस्थेने आणखी एक पाऊल टाकलं. तिथे नर्सच्या हातात टॅबलेट असतो आणि त्यावर आयएमसीआयचा तक्ता एकेक प्रश्न करत पुढे सरकतो. श्वासाचा आकडा भरल्याशिवाय पुढचं पान येत नाही. शिकवणं आणि करणं इथे एकच झालं, आणि गळणाऱ्या पायऱ्या कमी झाल्या. गडचिरोलीच्या मण्यांशी याचं नातं मला स्पष्ट दिसतं.

आपल्याकडे धोका वेगळा आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नियमानुसार डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट मिळवावे लागतात. नियम चांगला आहे. पण क्रेडिट मिळतं ते हजेरीला. वेबिनार चालू ठेवून बाजूला ओपीडी करणारे डॉक्टर सगळ्यांना माहीत आहेत, आणि त्यांना दोष देण्यातही अर्थ नाही, त्यांच्यापुढे रांग असते. दोष पाठ आखणाऱ्यांचा आहे. तासभर स्लाइड वाचून दाखवणाऱ्या व्याख्यानापेक्षा वीस मुलांचे व्हिडिओ मोजायला लावणारा पाठ केव्हाही बरा. आणि सहा महिन्यांनी पुन्हा वीस. क्रेडिट द्यायचंच तर दहा खऱ्या मुलांच्या नोंदींवर द्यावं. याला जास्त पैसे लागत नाहीत, कष्ट लागतात: नोंदी वाचणारा कुणीतरी बालरोगतज्ज्ञ लागतो. इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सचं मुख्यालय नवी मुंबईत आहे, राज्याचं आरोग्य विद्यापीठ नाशिकला आहे. या दोघांनी मनावर घेतलं तर प्रत्येक तालुक्यातल्या दवाखान्यांना एक मार्गदर्शक मिळणं अशक्य नाही.

हे होईल तेव्हा होईल. तोवर वाचकांच्या हातात एक गोष्ट आहे, आणि तिचा परिणाम कर्नाटक-बिहारच्या अभ्यासात ठळक दिसला. घरातल्या मुलाला जुलाब झाले तर डॉक्टरांना आपणहून सांगा, “आम्हाला ओआरएस आणि झिंक चालेल, सलाईनचा आग्रह नाही.” ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात मिसळा. झिंक जुलाब थांबले तरी १४ दिवस पुरं करा. खोकला असेल तर सदरा वर करून विचारा, “डॉक्टर, श्वास मोजून बघता का?” आणि ते मोजत असतील तेवढं एक मिनिट मुलाला पाजू नका, बोलू नका. मूल पीत नसेल, सगळं उलटून टाकत असेल, झटके आले असतील किंवा उठवूनही धड जागं होत नसेल, तर यातलं काहीच करत बसू नका. सरळ मोठं रुग्णालय गाठा.